संभाव्यतेची गणितं: आधी छेद लिही

चिपळूणहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "सूत्रं सगळी पाठ आहेत. पण गणित समोर आलं की बेरीज करायची की गुणाकार, हेच कळत नाही. उत्तर वाचलं की पटतं, स्वतः करायला बसलो की अडतं. सरावासाठी थोडी गणितं द्याल का, आणि विचार कसा करायचा तेही सांगाल का?"

गणितं देते. मी रत्नागिरीत बरीच वर्षं पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते आहे आणि याबाबत माझं मत ठाम आहे. तुझं अडतंय ते बेरीज-गुणाकारापाशी नाही, त्याच्या आधीच्या पायरीवर. संभाव्यता म्हणजे शेवटी अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. सगळे जण अंश मोजायला धावतात, छेदात काय आहे ते लिहायला कोणी थांबत नाही. तू वहीत आधी आडवी रेघ मार आणि रेघेखाली शब्दांत लिही: कशापैकी? "बारा आंब्यांपैकी", "गाडी उशिरा आली त्या दिवसांपैकी", असं. आकडा नंतर. ही सवय लागली की बेरीज की गुणाकार हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. खालच्या गणितांतले आंबे, गाड्या, तापाचे रुग्ण यांचे आकडे मी सरावासाठी धरलेले आहेत, त्या खऱ्या नोंदी नव्हेत.

सुरुवात दोन नाण्यांपासून करू. दोन नाणी उडवली, तर किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती? फ्रान्सचा दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा गणिती. १७५४ साली त्याने याचं उत्तर २/३ असं दिलं. त्याचं म्हणणं: पहिल्या नाण्यावर छापा आला तर काम झालं, दुसरं बघायचं कारणच नाही. पहिल्यावर काटा आला तर दुसऱ्यावर छापा येईल किंवा काटा. एकूण शक्यता तीन, त्यांतल्या दोन आपल्याला हव्या तशा. वाचताना खटकतसुद्धा नाही. पण या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. "पहिल्यावरच छापा" ही एकटीच अर्धा वाटा घेते, उरलेल्या दोघींना पाव-पाव येतो. नमुना अवकाश पूर्ण लिहिला, म्हणजे छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, की चारही निष्पत्ती समसंभाव्य होतात आणि उत्तर ३/४ येतं. दहावीच्या पुस्तकात "समसंभाव्य" हा शब्द आपण घाईने ओलांडून जातो. अंश भागिले छेद हे सूत्र त्या एका शब्दावर उभं आहे.

हीच अडचण फाशांत पुन्हा येते. दोन फासे टाकले. बेरीज ७ येण्याची शक्यता जास्त की ८ येण्याची? पुष्कळ मुलं लिहितात: सातासाठी १-६, २-५, ३-४, आठासाठी २-६, ३-५, ४-४. दोन्हीकडे तीन-तीन, म्हणून सारखीच. आता एक फासा लाल आणि एक निळा धर. लाल १ निळा ६ आणि लाल ६ निळा १ या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत, ४-४ मात्र एकच. छेद ३६. सातासाठी ६/३६, आठासाठी ५/३६. तीन फाशांच्या बाबतीत हेच कोडं गॅलिलिओपुढे आलं होतं. ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनी होतात, तरी खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा येताना दिसायचे. त्याने २१६ निष्पत्ती धरून मोजलं: ९ साठी २५, १० साठी २७. एवढा बारीक फरक खेळणाऱ्यांच्या नजरेला जाणवला होता याचं मला अजून नवल वाटतं.

काही प्रयोगांत समसंभाव्य म्हणायची सोयच नसते. किनाऱ्यावर मिळणारी कवडी घे आणि फरशीवर टाक. ती तोंड वर करून पडेल किंवा पाठ वर करून. शक्यता दोन आहेत, म्हणून अर्धी-अर्धी? नाही. कवडीचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. इथे मोजण्यावाचून गत्यंतर नाही. १०० वेळा टाक, तोंड किती वेळा वर आलं ते लिही, मग ४०० वेळा टाक. प्रयोग वाढवत नेले की मिळणारं प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या जवळ सरकतं, हे जेकब बर्नुली या स्विस गणितीने सिद्ध केलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापून आलं. किती जवळ, त्याचाही अंदाज देता येतो. १०० वेळा टाकून मिळालेलं प्रमाण ०.०५ ने इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं, ४०० वेळांत हा फरक ०.०२५ वर येतो. कष्ट चौपट केले की चूक निम्मी होते. हा प्रयोग हाताने कर, संगणकावर नको.

आता आंबा. साका बाहेरून दिसत नाही हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. फळ पिवळंधमक, घरभर वास, देठाशी नाक नेलं तरी काही कळत नाही. सुरी फिरवली की कोयीलगत पांढरट, कोरडा, चव नसलेला गर. म्हणूनच हे संभाव्यतेचं गणित होतं: एका डझनात ३ आंबे साक्याचे आहेत आणि ते कोणते हे कोणालाच माहीत नाही. दोन आंबे कापले. दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता किती?

पहिल्या आंब्यासाठी रेघेखाली लिही "बारा आंब्यांपैकी". चांगले ९, म्हणून ९/१२. तो चांगला निघाला. दुसऱ्यासाठी रेघेखाली काय? बारा नव्हेत, कापलेला आंबा काही परत पेटीत जात नाही. "उरलेल्या अकरांपैकी", आणि त्यांत चांगले ८. म्हणून ८/११. दोन्ही चांगले: ९/१२ × ८/११ = ७२/१३२ = ६/११.

इथे गुणाकार का केला ते नीट बघ. पहिला आंबा १२ पैकी कोणताही असू शकतो, आणि त्या प्रत्येकासोबत दुसरा ११ पैकी कोणताही. क्रमाने घेतलेल्या जोड्या १२ × ११ = १३२. दोन्ही चांगले असलेल्या जोड्या ९ × ८ = ७२. म्हणजे गुणाकार "आणि" या शब्दामुळे आलेला नाही. एकामागून एक निवडी केल्या आणि प्रत्येक निवडीचा छेद आधीची निवड पाहून ठरवला, म्हणून तो आला.

याच डझनावर पुढचे प्रश्न स्वतः कर, मग माझी उत्तरं बघ. दोन्ही साक्याचे: ३/१२ × २/११ = १/२२. नेमका एक साक्याचा: यात दोन वाटा आहेत. पहिला साक्याचा आणि दुसरा चांगला, किंवा उलट. दोन्ही वाटा एकदम घडू शकत नाहीत, म्हणून बेरीज: ३/१२ × ९/११ + ९/१२ × ३/११ = ९/२२. आता पडताळा घे: १२/२२ + ९/२२ + १/२२ = २२/२२. बेरीज १ आली नाही तर कुठलीतरी वाट सुटली आहे किंवा दोनदा मोजली आहे. परीक्षेत हा पडताळा अर्ध्या मिनिटात होतो आणि गुण वाचवतो.

"किमान एक साक्याचा" असं विचारलं तर सरळ मोजू नकोस. १ मधून "एकही नाही" वजा कर: १ − ६/११ = ५/११. "किमान एक" दिसलं की पूरक घटनेकडे जायचं, हे हाताला लागून गेलं पाहिजे.

बऱ्याच वह्यांत ९/१२ × ९/१२ = ९/१६ असं उत्तर असतं. ते गणित पहिला आंबा पेटीत परत ठेवण्याचं आहे. डझनात फरक दिसतो: ०.५४५ आणि ०.५६३. पण १२०० आंब्यांत ३०० साक्याचे असले तर ९००/१२०० × ८९९/११९९ = ०.५६२३, आणि परत ठेवून ०.५६२५. ढीग मोठा, उचललेले थोडे, तर परत ठेवलं की नाही याने फारसं बिघडत नाही. पुढे तुला द्विपद वितरण शिकवतील तेव्हा हे आठवावं लागेल.

याला जोडूनच एक छोटं गणित. ताटात २१ मोदक आहेत, एकात गुळाच्या सारणाऐवजी मीठ भरलंय. पाच भावंडं ओळीने एकेक मोदक उचलतात. पहिल्याने उचललं तर धोका कमी की शेवटी? तिसऱ्याला मिठाचा मिळायचा तर पहिल्या दोघांना चांगले मिळायला हवेत: २०/२१ × १९/२० × १/१९ = १/२१. पाचव्यासाठीही करून बघ, तेवढीच येते. कोणी चाखून सांगितलं नाही तोवर उचलण्याच्या क्रमाने काही फरक पडत नाही. पहिल्याने खाऊन "माझा गोड" म्हटलं की मात्र उरलेल्यांचा छेद बदलतो, आणि प्रत्येकाची संभाव्यता १/२० होते.

छेद बदलणं हीच सशर्त संभाव्यता. त्यासाठी रेल्वेचं गणित घे. पावसाळ्यातले १०० दिवस. त्यांतल्या ३० दिवशी मुसळधार पाऊस होता, त्यांपैकी १८ दिवशी सकाळची गाडी उशिरा आली. उरलेल्या ७० दिवसांत ती १४ दिवशी उशिरा आली. पहिलं काम म्हणजे चार चौकटींचा तक्ता: मुसळधार आणि उशीर १८, मुसळधार पण वेळेवर १२, पाऊस कमी तरी उशीर १४, पाऊस कमी आणि वेळेवर ५६. बेरीज १००.

गाडी उशिरा असण्याची संभाव्यता: "शंभर दिवसांपैकी" ३२, म्हणजे ०.३२. मुसळधार असताना उशिरा असण्याची: "मुसळधार तीस दिवसांपैकी" १८, म्हणजे ०.६. आणि उलट विचारलं, गाडी उशिरा आली, तर त्या दिवशी मुसळधार असण्याची? आता रेघेखाली "उशिराच्या बत्तीस दिवसांपैकी" येतं: १८/३२, सुमारे ०.५६. अंश तोच १८. फक्त छेद बदलला आणि उत्तर बदललं. या दोन प्रश्नांची गल्लत मी शिकलेल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यातही ऐकते.

"मुसळधार किंवा उशीर" याची संभाव्यता? ३० + ३२ = ६२ असं लिहिशील तर ते १८ दिवस दोनदा मोजले जातील. ६२ − १८ = ४४, म्हणून ०.४४. "किंवा म्हणजे बेरीज" हे पाठांतर इथेच फसतं. सामाईक भाग नसेल तेव्हाच निव्वळ बेरीज चालते.

पाऊस आणि उशीर स्वतंत्र आहेत का? असते तर दोन्ही एकत्र असण्याची संभाव्यता ०.३० × ०.३२ = ०.०९६ आली असती. तक्ता सांगतो ०.१८. स्वतंत्र नाहीत. नुसत्या संभाव्यतांचा गुणाकार करण्याआधी ही परीक्षा घ्यावीच लागते. कोकण रेल्वेचा मार्ग अजूनही बराचसा एकेरी आहे. एक गाडी लांबली की समोरून येणारी कुठल्यातरी स्टेशनात क्रॉसिंगला थांबते. समजा, वर जाणारी गाडी वेळेवर असण्याची संभाव्यता ०.७ आणि खाली येणारीची ०.८. मग दोन्ही वेळेवर असण्याची ०.५६ असं लिहिलं तर आकडेमोड बरोबर आहे, पण ज्या गृहीतावर ती केली ते रुळांनीच मोडलेलं आहे. गणितात "स्वतंत्र आहेत असे समजा" असं दिलेलं असेल तर गुणाकार खुशाल कर. दिलेलं नसेल तर उत्तरपत्रिकेत तू स्वतः लिही की मी असं धरलं आहे.

आणि स्वतंत्र घटना म्हणजे परस्परांना वगळणाऱ्या घटना नव्हेत. आजची गाडी वेळेवर आली आणि आजची गाडी उशिरा आली, या दोन घटना एकदम घडत नाहीत. एक घडली की दुसरीची संभाव्यता थेट शून्य. म्हणजे एकीची दुसरीवर पूर्ण पकड आहे. दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर परस्परांना वगळणाऱ्या घटना कधीही स्वतंत्र नसतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

एक जुनं, चांगलं गणित: एका घरात दोन मुलं आहेत, त्यांतली किमान एक मुलगी आहे. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता? मुलगा-मुलगी समसंभाव्य धर. मोठं-धाकटं असा क्रम लावून चार निष्पत्ती, "मुलगा-मुलगा" बाद, छेदात उरल्या तीन. उत्तर १/३. "थोरली मुलगी आहे" असं सांगितलं असतं तर छेदात दोनच राहिल्या असत्या आणि उत्तर १/२ आलं असतं. दिलेली माहिती नेमकी कोणती, ते शब्दन्‌शब्द वाच.

सशर्त संभाव्यतेचा खरा कस बेझच्या सूत्रात, म्हणजे परिणाम पाहून कारणाची संभाव्यता काढताना लागतो, आणि तिथे माझा सल्ला असा की सुरुवातीला सूत्र वापरूच नकोस. माणसं मोज. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. समजा ताप आलेल्या १००० जणांपैकी २० जणांना लेप्टो आहे. चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्के पकडते, आणि आजार नसलेल्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून "आहे" म्हणते. चाचणी "आहे" म्हणाली, तर खरोखर लेप्टो असण्याची संभाव्यता किती? बहुतेक जण पटकन ९० टक्के म्हणतात. आता मोजू. २० पैकी १८ पकडले गेले. उरलेल्या ९८० पैकी ४९ जणांना चुकून "आहे" आलं. रेघेखाली "चाचणी आहे म्हणाली त्या ६७ जणांपैकी". उत्तर १८/६७, सुमारे ०.२७. आजार मुळात थोड्यांना, आणि नसलेल्यांची संख्या प्रचंड, म्हणून छोटीशी चूकही मोठी रांग उभी करते. याचा अर्थ चाचणी निरुपयोगी असा नाही: २ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर येणं ही डॉक्टरांसाठी मोठी माहिती आहे. अशी दोन-तीन गणितं माणसं मोजून केलीस की सूत्रातला प्रत्येक भाग कुठून आला ते आपोआप दिसेल.

आता तुझ्यासाठी. वही घेऊन बस, उत्तरं झाकून ठेव.

१. दोन फासे टाकले. बेरीज ९ पेक्षा जास्त येण्याची संभाव्यता? लाल फाशावर ५ आला हे कळल्यावर ती किती?

२. मासळीच्या एका वाट्यात ६ बांगडे आणि ४ सौंदाळे. न बघता तीन मासे उचलले. नेमके दोन बांगडे? किमान एक सौंदाळा?

३. नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा आला. सहाव्या वेळी काटा येण्याची संभाव्यता?

४. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने दापोलीला जायचं तर जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन फेरीबोटी लागतात. गेल्या गेल्या बोट मिळण्याची संभाव्यता पहिल्या ठिकाणी ०.८, दुसऱ्या ठिकाणी ०.७. स्वतंत्र धरून, कुठेतरी एकदा तरी थांबावं लागण्याची? नेमकं एकाच ठिकाणी थांबण्याची?

५. एक फासा चार वेळा टाकून किमान एकदा ६, की दोन फासे चोवीस वेळा टाकून किमान एकदा ६-६ ची जोडी? जास्त शक्यता कशाची?

६. चार मित्रांपैकी किमान दोघांचा जन्ममहिना एकच असण्याची संभाव्यता? बाराही महिने समसंभाव्य धर.

उत्तरं. पहिलं: ६/३६ = १/६; लाल ५ कळल्यावर निळ्यावर ५ किंवा ६ हवा, २/६ = १/३. दुसरं: इथे क्रमाची गरज नाही; १० तून ३ निवडायचे १२० प्रकार, २ बांगडे आणि १ सौंदाळा असे १५ × ४ = ६०, म्हणून १/२. सगळे बांगडेच असे २० प्रकार, म्हणून किमान एक सौंदाळा १ − २०/१२० = ५/६. तिसरं: १/२. पाच छापे ओळीने येण्याची संभाव्यता १/३२ आहे खरी, पण ते आता घडून गेलंय आणि नाण्याला स्मरण नसतं. चौथं: १ − ०.८ × ०.७ = ०.४४, नेमकं एकाच ठिकाणी ०.८ × ०.३ + ०.२ × ०.७ = ०.३८. पाचवं: पहिल्याची १ − (५/६)⁴, सुमारे ०.५१८; दुसऱ्याची १ − (३५/३६)²⁴, सुमारे ०.४९१. चोवीस ही चारची सहापट आणि ३६ ही ६ ची सहापट, म्हणून दोन्ही सारखंच, असं वाटणं स्वाभाविक आहे. द मेरे नावाच्या फ्रेंच उमरावाने हा प्रश्न पास्कालपुढे मांडला, आणि १६५४ मध्ये पास्काल व फर्मा या दोन फ्रेंच गणितींत जो पत्रव्यवहार झाला त्यातून हा विषय उभा राहिला.

सहावं: सगळे वेगळे असण्याची १२/१२ × ११/१२ × १०/१२ × ९/१२ = ५५/९६, म्हणून किमान दोघांचा एकच असण्याची ४१/९६, सुमारे ०.४३. हे उत्तर तुझ्या मित्रांसाठी ठीक आहे. आजोबांच्या पिढीतल्या चौघांची शाळेच्या दाखल्यावरची तारीख घेऊन मात्र हे गणित करू नकोस. शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली असते, आणि तिथे "बाराही महिने समसंभाव्य" हे गृहीतच टिकत नाही.